पेळूच्या दाढा आणि माझी ढेप

तुमच्या घरी ससा असेल तर पुढे वाचण्याआधी उठा आणि त्याच्या हनुवटीखाली बोट लावून बघा. कोरडी असेल तर सावकाश वाचा. ओली असेल तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा. मी वेळेवर बोट लावलं नाही. ते माझ्या शेजारणीने लावलं, आणि तिने लावलं म्हणून उलट मलाच राग आला. त्यामुळे या लिखाणात सशाच्या दाढांबद्दल जेवढं आहे तेवढंच माझ्या जळण्याबद्दल आहे. ते गाळून सांगायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा माझं मलाच खोटं वाटलं.

घरातली आणि शेजारची

आम्ही यवतमाळला लागून लोहाऱ्याला राहतो. माझा नवरा तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगच्या मशीनवर आहे. मी घरी शिवणकाम करते. ऋचा आमची एकुलती एक. ती फार्मसी शिकायला नाशिकला गेली आणि जाताना तिचा ससा माझ्या पदरात टाकून गेली. पांढरा, लांबट, मऊ. सूत कातायच्या आधी पिंजलेल्या कापसाची वळकटी करतात त्याला पेळू म्हणतात. माझ्या आईच्या तोंडून ऐकलेला शब्द ऋचाने सशाला देऊन टाकला.

शेजारी जमनाबाई. साठीच्या पुढची, मूळची तांड्यावरची. मुलाने आमच्या बाजूला घर बांधलं तेव्हापासून ती इथे आहे. त्यांचं शेत गावाबाहेर लागूनच आहे. रोज सकाळी ती बांधावर जाते आणि तिच्या दोन बकऱ्यांसाठी गवताचा भारा डोक्यावर घेऊन येते. दोन घरांच्या मधली भिंत कमरेएवढी आहे.

ऋचा तीन वर्षांची होती तेव्हा मी शिवणक्लास घ्यायचे. मशीनजवळ कात्री, सुया, पोरगी हात घालायची, म्हणून तिला भिंतीवरून जमनाबाईच्या हाती द्यायचे. चार वर्षं दिली. जमनाबाईची नातवंडं तिला याडी म्हणायची, तशी ऋचाही म्हणायला लागली. बंजारा लोकांत याडी म्हणजे आई. मला ऋचा मम्मी म्हणते. ताप आला की याडी, शाळेत बक्षीस मिळालं की आधी याडी. मी क्लासमध्ये दुसऱ्यांच्या पोरींना बाह्या लावायला शिकवत होते आणि माझी पोरगी भिंतीपलीकडे गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. जमनाबाईने ओढून नेली असती तर भांडता आलं असतं. मीच नेऊन दिली होती.

म्हणून ऋचा गेल्यावर पेळू माझ्याकडे राहिला तेव्हा मला आतून बरं वाटलं. हा तरी माझा होईल असं वाटलं.

गवत बंद

पेळू माझा झाला नाही. जमनाबाई भारा घेऊन आली की तिच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज व्हायचा आणि हा पठ्ठ्या माझ्या हातातलं सोडून भिंतीकडे पळायचा. ती भिंतीवरून मूठभर गवत धरायची. तो दोन पायांवर उभा राहून एकेक काडी ओढायचा. मग ती त्याला उचलून मांडीवर घ्यायची आणि तो डोळे मिटून पडायचा. माझ्या मांडीवर तो दोन मिनिटं टिकत नव्हता.

एकदा ऋचाचा व्हिडिओ कॉल आला. पेळूला दाखव म्हणाली. मी त्याला शोधत होते तर ती तिकडून हसत म्हणते, "मम्मी, तू कायले शोधून राह्यली? याडीकडं फोन दे न. तो तिच्याच मांडीवर असंन."

होताच. मी फोन भिंतीवरून दिला आणि स्वयंपाकघरात येऊन कणीक मळायला घेतली. मळता मळता ठरवलं की आता बस झालं. पोरगी गेली ती गेली, ससा देणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेळूचं सगळं बिऱ्हाड मागच्या पडवीत हलवलं आणि दाराला जाळी लावून घेतली. जमनाबाई गवत घेऊन आली तेव्हा तिला म्हणाले, "जमनाबाई, गवतानं त्याले जुलाब होऊन राह्यले. आता नका देऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं. "गवतानं? सशाले?"

"हो."

"बरं बाई, तुही मर्जी," म्हणाली आणि मूठ बकऱ्यांपुढे टाकली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. हे तिचं न विचारणं मला अजून जास्त टोचायचं.

आता मला त्याला जिंकायचं होतं, आणि जिंकायचं म्हणजे खाऊ घालायचं, हेच मला माहीत. माझं माहेर ढाणकीकडचं, कापूस-सोयाबीनवालं. आमच्या गोठ्यात कुटार आणि गवत सगळ्याच जनावरांना मिळायचं, पण ज्या गाईवर आईचा जीव असायचा तिला सरकीची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, मिळायची. रात्री भिजत घालून सकाळी मऊसूत झालेली. "ढेपेनं जनावर भरते," असं आई म्हणायची आणि गाय खरंच भरायची. लाडक्याला ढेप, बाकीच्यांना गवत, हे माझ्या हाडात बसलेलं. नुसतं गवत घालणं म्हणजे मला त्या जीवाचा अपमान वाटायचा. मग मी पेळूला ढेप भिजवायला लागले. वरून केळ्याचे काप, दुधातलं बिस्कीट, गुळाचा खडा. पोळ्याला बैलांना पुरणपोळी देतात, तर पेळूच्या कपाळालाही कुंकू लावून पुरणपोळी दिली.

तो खायचा, फार आवडीने खायचा. काही महिन्यांत असा गोल झाला की येणारा-जाणारा म्हणायचा, काय भरला हो तुमचा ससा. मी मुद्दाम त्याला भिंतीजवळ घेऊन उभी राहायचे, जमनाबाईला दिसावा म्हणून. ती म्हणायची, "वजनदार झाला." एवढंच म्हणायची, बाकी काही नाही.

मला वाटलं रुसला

असं वर्षभर चाललं. पुढच्या पोळ्यानंतरच्या आठवड्यात पेळू वाटीशी यायचा, नाक लावायचा, तोंडात बिस्कीट घ्यायचा आणि टाकून द्यायचा. परत उचलायचा, परत टाकायचा. मग वाटीकडे पाठ करून बसायचा.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही मला नावं ठेवाल, ठेवा. मला वाटलं तो रुसला. त्या दिवसांत जमनाबाई लेकीकडे झरी जामणीला गेली होती. मला वाटलं, तिच्या वाळ्यांचा आवाज येत नाही म्हणून याने अन्न सोडलंय. वर्षभर मी याच्यासाठी ढेप भिजवली, पुरण घातलं आणि हा तिच्यासाठी झुरतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाटी उचलली आणि म्हणाले, "नको खाऊ. उपाशी राह्य. तिले येऊ दे, मंग खा."

दोन दिवस मी सशाशी अबोला धरला. सेहेचाळीस वर्षांची बाई, एका मुक्या जनावराशी. सशाने बारा तास काही खाल्लं नाही तरी त्याच्या जिवावर बेततं, हे मला नंतर कळलं. त्याने त्या दोन दिवसांत थोडं दूध चाटलं, केळ्याचा लगदा चाटला, म्हणून वाचला. लेंड्या बारीक झाल्या होत्या, मिऱ्याएवढ्या. पुढच्या पायांची लव चिकटून तिच्या वाती झाल्या होत्या, कारण तो सारखी लाळ पुसत होता. झाडताना मला हे सगळं दिसत होतं. मन दुसरीकडे असलं की दिसतं पण कळत नाही.

तिसऱ्या दिवशी जमनाबाई परत आली. मी पेळूला पडवीतून बाहेर आणलं, खरं सांगायचं तर हे बघायला, की तिला पाहून तो खातो का. तिने भिंतीवरून हात लांब केला आणि त्याच्या गळ्याखाली बोट लावलं.

"वंदना, याची हनोटी ओली हाय."

"दूध पिला आत्ता."

"हे दूध नाई. वास पाह्य." तिने बोट माझ्या नाकाशी धरलं. कुजल्यासारखा वास होता. "तोंडात काई तरी झालं याच्या. हा खाऊ पाह्यते, पण याच्यानं खाल्लं जाऊन नाई राह्यलं. दवाखान्यात ने."

माझा ससा, माझ्या हातात, आणि त्याचं दुखणं तिला एका बोटात कळलं. भीती वाटायच्या आधी मला मत्सर वाटला. भीती त्याच्यामागून आली.

शेळ्यांच्या रांगेत

यवतमाळला जनावरांच्या दवाखान्यात आम्ही शेळ्यांच्या रांगेत बसलो. आम्ही, कारण टोपलीत पेळू थरथरत होता आणि जमनाबाईने टोपलीवर हात ठेवला की थांबत होता. मी तिला ये म्हटलं नव्हतं. नको म्हणायचीही हिंमत झाली नाही. एक म्हातारा गुराखी टोपलीत डोकावून म्हणाला, "याचे दात वाढले असतीन. नख काटाच्या यंत्रानं काटून टाका, घरीच."

आतल्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि बाहेर येऊन त्याला दम भरला. तसं कापलं तर दात उभा चिरतो, मुळापर्यंत सडतो, म्हणाले. मग त्यांनी पेळूचं तोंड जरा उघडून टॉर्च मारला.

"पुढचे ठीक आहेत. मागच्या दाढा वाढल्यात. माझ्याकडे गाई-म्हशींची हत्यारं आहेत, याच्या तोंडात मावणार नाहीत. नागपूरला न्या, उद्याच. आणि पोट रिकामं ठेवू नका, मऊ काहीतरी सिरिंजने घालत राहा."

संध्याकाळी घरी नवरा म्हणाला, "सुट्टी नाई भेटत उद्या. जमनाबाईले घेऊन जाय न."

मला वाटलं, हाही तिच्याच बाजूचा.

मालक कोण

एसटीत कंडक्टरने टोपलीकडे बोट दाखवून विचारलं, कोंबडी हाय का. जमनाबाई म्हणाली, ससा हाय, दाताच्या डॉक्टरकडं चालला. सगळी गाडी हसली. मी हसले नाही. टोपली तिच्या मांडीवर होती. कळंबपर्यंत मी धरली होती, पण माझ्याकडे तो नखांनी वेताच्या काड्या ओरबाडत होता.

नागपूरच्या दवाखान्यात कुत्री, मांजरं, पोपट, सगळ्यांचे लोक आपापल्या जीवाला कवटाळून बसलेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मालक कोण?" जमनाबाई काही बोलायच्या आत मी फॉर्म ओढून घेतला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं. जमनाबाईला वाचता येत नाही, तरी.

डॉक्टर बाई तरुण होती. तिने पेळूला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि नळीसारखं काहीतरी गालात सरकवलं. मग मला स्क्रीनवर दाखवलं. दाढेच्या कडा काट्यासारख्या वाढून आत वळल्या होत्या. जिभेच्या बाजूला लांब जखम होती, पांढरी पडलेली. प्रत्येक घासाला तो काटा तिथेच लागत होता. मला आठवलं की तो बिस्कीट उचलायचा आणि टाकायचा, उचलायचा आणि टाकायचा. मी त्याला रुसलाय म्हणत होते.

"सशाचे दात जन्मभर वाढतात," ती म्हणाली. "गवत चावून चावून ते झिजतात. वाळलेलं गवत, लांब काडीचं, दिवसभर. तेच त्याचं मुख्य जेवण. मऊ खाणं दिलं की तो चावतच नाही, मग दाढा वाढत जातात. काय खातो हा?"

माझ्या तोंडून निघालं, "गवत."

डॉक्टरने परत स्क्रीनकडे पाहिलं. "फक्त गवत?"

"हो. गवतच."

"गवत खाणाऱ्या सशाच्या दाढा अशा नसतात, ताई. आणि वजन तर बघा. मला खरं सांगा, मी रागावणार नाही. भूल द्यायची आहे, मला माहीत असायला हवं."

जमनाबाई कोपऱ्यात पदर खोचून उभी होती. तिला सगळं माहीत होतं. वर्षभर सकाळी मी पडवीत ढेप भिजवलेली बादली आपटते ते तिला ऐकू येत होतं. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकत होती. तिच्या जागी मी असते तर पाडलं असतं.

ती म्हणाली, "डॉक्टरीण बाई, याहिले काई माईत नाई. मीच देत होती याले. ढेप, बिस्कुट, केळं. आमाले वाटलं, जनावर भरते."

डॉक्टरने मान हलवली, लिहून घेतलं आणि जमनाबाईला समजावून सांगितलं की ढेप सशाला विषासारखी, कधीच नाही द्यायची. जमनाबाई गुन्हेगारासारखी मान खाली घालून ऐकत होती. हो बाई, चुकलं बाई, म्हणत होती.

माझे डोळे भरून आले असतील असं तुम्हाला वाटेल. आले, पण वेगळ्या कारणाने. मला वाटलं, ही बाई काहीच ठेवणार नाही माझ्याकडे. पोरगी नेली, ससा नेला, आता माझी चूकसुद्धा घेऊन गेली. त्या खोलीत सगळ्यात मोठ्या मनाची तीच होती, आणि माझ्यासाठी फक्त फॉर्मवरचं नाव उरलं होतं.

बाकावर

पेळूला आत नेलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. इतक्या छोट्या जीवाला भूल देतात तेव्हा उठेलच याची खात्री नाही, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं आणि माझी सही घेतली होती. मी भिंतीवरच्या कुत्र्याच्या चित्राकडे बघत होते. ऋचाला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

जमनाबाईने फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. अर्धी भाकर माझ्यापुढे धरली.

"खा."

"भूक नाई."

"तू पडली तं त्याले कोन पाह्यन?"

ती मला सशाला पाहणारी म्हणाली होती. मी भाकर घेतली. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं आणि रडायला ते निमित्त बरं झालं.

दुपारी त्याला बाहेर आणलं. डॉक्टरने काटे घासून काढले होते. टॉवेलमध्ये गुंडाळलेला, मान एका बाजूला, डोळे अर्धे उघडे. "कोण धरतंय?" तिने विचारलं. मी हात पुढे केले. तो माझ्या मांडीवर पडला आणि दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, पडूनच राहिला. त्याला शुद्ध नव्हती. कोणाच्या मांडीवर आहोत हे त्याला माहीतच नव्हतं. तरी मी हलले नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.

माझ्या हातचं कडू

घरी आल्यावरचे आठ दिवस कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. दर चार तासांनी पातळ खाणं सिरिंजने गालात सोडायचं. हळू, नाहीतर ठसका लागतो. दुखण्याचं औषध सकाळ-संध्याकाळ. पोटावरून हात फिरवायचा. लेंड्या बघायच्या, त्या वाढल्या की पोट चालू झालं समजायचं. पहिल्या दिवशी सात लेंड्या झाल्या तेव्हा मी नवऱ्याला कारखान्यात फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. पर हे सांगाले मशीन थांबवाले लावली तू."

आणि पेळू मला घाबरायला लागला. का घाबरणार नाही? टॉवेलमध्ये आवळणारी मी, सिरिंज खुपसणारी मी, कडू पाजणारी मी. जाळी तर मी परत आल्या दिवशीच काढून टाकली होती. जमनाबाई भिंतीवरून वाळलेल्या गवताची पेंढी ठेवायची आणि निघून जायची. सगळी शिक्षा माझ्या हातून, सगळा खाऊ तिच्या हातून. नशिबाचा न्याय तो असा. माझ्या पायांचा आवाज आला की तो पडवीतल्या पिंपामागे लपायचा.

पाचव्या दिवशी सकाळी मी दारात बसले होते. त्याने पेंढीतली एक काडी टोकाकडून तोंडात घेतली. जबडा बाजूला सरकला, परत सरकला, आणि काडी हळूहळू आत जायला लागली. बारीक करकर असा आवाज येत होता. पूर्ण काडी गेली. त्याने दुसरी घेतली. मी तोंडावर पदर धरला, कारण हुंदका ऐकून तो पळाला असता.

हे ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना एवढंच सांगते. पहिली काडी जाईपर्यंत धीर सोडू नका आणि तो तुमचा राग करतो म्हणून सिरिंज सोडू नका. दाढा परत वाढू शकतात, दर काही महिन्यांनी दाखवावं लागतं. ढेप, बिस्कीट, गूळ यांना घरात त्याच्यासाठी जागा ठेवू नका. लाड करायचाच झाला तर बसून गवत निवडा.

खरं बोलून केलेलं खोटं

नागपूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ऋचाला फोन केला होता. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "ढेप? त्याले ढेप कोन दिली?"

मी म्हणाले, "जमनाबाईनं डॉक्टरले सांगतलं, का तिनंच देली म्हणून."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग ऋचा म्हणाली, "याडीनं? तिले एवढं समजत नाई?" तिचा आवाज कापत होता, रागाने.

आणि मला बरं वाटलं. तीन वर्षांची असल्यापासून ती याडीच्या विरुद्ध एक शब्द बोलली नव्हती. मी फोन ठेवला आणि गुणगुणत भाजी चिरली. माझा ससा जेमतेम वाचला होता, जिने वाचवायला बोट लावलं तिच्या माथी मी पाप मारलं होतं, आणि मी गुणगुणत होते.

दिवाळीला ऋचा आली. पेळूला पोटाशी धरलं, रडली, मला मिठी मारली. "मम्मी, तू किती केलं त्याच्यासाठी," म्हणाली. कधी नव्हे ती दोन दिवस माझ्याच मागे मागे होती. भिंतीकडे फिरकली नाही. जमनाबाईने सकाळी पेंढी ठेवताना हाक मारली, "छोरी, कवा आली?" तर ही "काल" म्हणून आत आली. जमनाबाई भिंतीशी थोडा वेळ उभी राहिली, मग भारा सोडायला गेली. मी खिडकीतून पाहिलं. पंधरा वर्षं जे मागत होते ते मला मिळालं होतं.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. बंजारा घरांत त्या अमावस्येला पोरी हातात दिवा घेऊन घरोघर जातात आणि थोरांपुढे दिवा धरून "तोन मेरा" म्हणतात, म्हणजे त्यांचं भलं चिंततात. ऋचा पाच वर्षांची असल्यापासून दरसाल आमच्याकडचा पहिला दिवा उचलून जमनाबाईकडे जायची. पहिला दिवा. दरसाल मला ते खुपायचं. जमनाबाईची नातवंडं आता पुसदला आईबरोबर आजोळी जातात दिवाळीला, त्यामुळे तिच्या दारात मेरा म्हणायला येणारी एकच पोरगी, आमची.

यंदा ऋचा रांगोळीशी बसून राहिली. मी अंगणात दिवे लावत होते. पलीकडे जमनाबाई उंबरठ्यावर बसली होती. नवी साडी, केस विंचरलेले, दार पूर्ण उघडं. शेजारी ताटलीत पोरीला द्यायचा गूळ ठेवलेला. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. ती समोर रस्त्याकडे बघत होती, वाट बघत नसल्यासारखं.

मी तीन दिवे लावले. चौथा लावता येईना, काडी विझली.

"ऋचा," मी म्हणाले, "ढेप मी दिली."

तिने रांगोळीचा हात थांबवला.

"वर्षभर मीच दिली. तुह्या याडीचं गवत मीच बंद केलं. जुलाब होते म्हणून खोटं सांगतलं तिले. डॉक्टरसमोर मले बोलता नाई आलं, तं तिनं आपल्यावर घेतलं."

"काहून?" ऋचाने विचारलं.

"तिनं काहून घेतलं, ते तिले विचार."

"तू काहून केलं, मम्मी?"

मी खूप उत्तरं तयार ठेवली होती. माहेरची ढेप, आईची गाय, अडाणीपणा. पण म्हणाले, "जळत होती मी. पह्यले तू गेली तिच्याकडं, मंग तोही गेला."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, हात झटकले, मी लावलेल्यातला पहिला दिवा उचलला आणि ज्योतीआड हात धरून भिंतीला वळसा घालून गेली.

थोड्या वेळाने पलीकडून तिचा आवाज आला. "याडी, तोन मेरा." मग जमनाबाईचं काहीतरी पुटपुटणं, आणि मग ऋचाचं रडणं. मला तोच जुना मत्सर वाटला, जसाच्या तसा. आजार बरा होतो, हा होईल असं मला वाटत नाही.

मी पडवीच्या पायरीवर बसले. जमनाबाईने सकाळी ठेवलेल्या पेंढीतलं उरलेलं गवत हातात होतं, त्यातला कचरा निवडत होते, हाताला काम हवं म्हणून. पिंपामागून पेळू निघाला. माझ्याकडे बघितलं, थांबला, दोन उड्या मारल्या, परत थांबला. मग माझ्या गुडघ्यावर पुढचे पाय टेकवून त्याने एक काडी ओढली. करकर आवाज सुरू झाला.

तो गवतासाठी आला होता, हे मला माहीत आहे. मी पेंढी खाली ठेवली नाही. मांडीवरच धरून बसले, ती संपेपर्यंत.